पाठमोरी गल्ली

"हात वर," अझीझ बर्दीसी म्हणाला. "अजून वर. आणि चेहऱ्यावर जरा प्रेम आण."

"कुणाबद्दल?" मी विचारलं.

"तुमच्या सिनेमात ते कधी कळतं का?"

मी कलिंगडाच्या रिकाम्या हातगाडीवर उभा होतो. अंगात नारिंगी सॅटिनचा शर्ट, गळ्यात हिरवा रुमाल आणि पायात गिरणीत घालायचे काळे बूट. कारण हिरोला शोभतील असे पांढरे बूट माझ्या मापात अख्ख्या कैरोत मिळाले नव्हते. शुक्रवारची दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती. समोर तिवईवर एक अवाढव्य काळा कॅमेरा, त्याच्या दोन्ही अंगांना भर उन्हात पेटवलेले दोन दिवे आणि भोवती सगळी गल्ली लोटलेली. फुलवाले, चहावाले, पायघोळ झग्यातले म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या बाया. वरच्या गच्च्यांमधूनही माणसं अशी वाकली होती, की त्यातलं एखादं टपकन माझ्या गाडीवर पडेल अशी मला धास्ती वाटत होती.

"एकच लक्षात ठेव," बर्दीसी म्हणाला. "काही झालं तरी थांबायचं नाही. ते वरच्या टोकाला इस्त्रीचं दुकान दिसतं? तिथून पांढरा रुमाल हलला की थांब. तोवर गल्लीला आग लागली तरी नाचत राहायचं."

"आणि कॅमेऱ्याकडे बघू की नको?"

"वाटेल तिकडे बघ."

एवढा मोठा दिग्दर्शक नटाला एवढं स्वातंत्र्य देतो, या विचारानं मला भरून आलं. कॅमेऱ्यामागचा माणूस जांभई देत होता. मुरलेले कॅमेरामन असेच निर्विकार असतात, अशी मी मनाची समजूत घातली. मग बर्दीसी घाईघाईनं गल्ली चढून गेला आणि इस्त्रीच्या दुकानात शिरला. ऐन शॉटच्या वेळी हा तिकडे कशाला गेला ते मला कळेना. पण त्याची पँट कायम चुरगळलेली असे. म्हटलं, आज एकदाची लाज वाटली असेल.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. इचलकरंजीहून आम्ही सहा जण कैरोबाहेरच्या एका कापड गिरणीत भारतातून गेलेले माग बसवायला आलो होतो. आमचे प्रमुख बिडकरकाका. वय पन्नास, डोक्याला टोपी, आणि इजिप्तमध्ये चांगलं पिठलं का होत नाही या एकाच प्रश्नानं ग्रासलेले. दर शुक्रवारी सुट्टी असली की ते मला घेऊन जुन्या कैरोत, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बाजारात धणे आणि मिरच्या शोधायला जात. त्या बाजाराला लागून ही गल्ली होती: अरुंद, उतरती, खाली कांद्याच्या वखारीशी जाऊन संपणारी.

मागाच्या नटबोल्टांत माझा जीव रमत नव्हता, कारण मी स्वतःला नट समजत होतो. त्याला आधार म्हणाल तर गणपतीच्या मेळ्यातली चार वर्षं, आणि राज्य नाट्य स्पर्धेतलं एक काम. त्या कामाबद्दल परीक्षकांनी लिहिलं होतं, 'इतरांची साथ ठीक'. त्या 'इतरां'मध्ये आम्ही सात जण होतो. म्हणजे माझ्या वाट्याला त्या 'ठीक'चा एक सप्तमांश आला. मला नट म्हणून काही येतं की नाही, एवढं एकदा कुणीतरी नाव घेऊन सांगावं, मग मी आयुष्यभर मुकाट्यानं माग बसवीन, असं मी स्वतःशी ठरवलं होतं.

तिथे त्या काळी हिंदी सिनेमाचं वेड होतं. माझा सावळा रंग दिसला की चहाच्या दुकानात आरोळी उठे, "अरे हिंदी! गाणं!" मग मी गात असे. शब्द त्यांना कळत नसत आणि सूर मला, त्यामुळे जमून जाई. गंमत म्हणजे याच लोकांत कुणी अचाट थाप मारली, की दुसरा म्हणायचा, "पुरे, हिंदी सिनेमा सांगू नकोस!" प्रेमही करायचे आणि विश्वासही ठेवायचे नाहीत. आमच्याकडे जावयाशी वागतात तसं.

अशाच एका शुक्रवारी मी गात असताना कोपऱ्यात बसलेला एक दाढी वाढलेला माणूस माझ्याकडे नाही, तर मला ऐकणाऱ्यांच्या तोंडांकडे टक लावून बघत होता. गाणं संपल्यावर तो आमच्या टेबलाशी आला.

"मी अझीझ बर्दीसी. सिनेमे काढतो," तो इंग्रजीत म्हणाला.

"कसले?" बिडकरकाकांनी विचारलं.

"खरे."

हे तो बढाई म्हणून सांगत नव्हता, तक्रार म्हणून सांगत होता. त्याच्या सिनेमात सेट नसे, गाणं नसे, रंगवलेला चेहरा नसे. जे असेल ते खरं. पहिल्या चित्रपटात त्यानं खऱ्याच न्हाव्याला न्हाव्याचं काम दिलं. न्हावी कॅमेऱ्याला इतका बिचकला, की त्यानं नायकाच्या कानाचा तुकडा उडवला. रक्त खरं होतं म्हणून बर्दीसीनं तो शॉट ठेवला. नायकानं मात्र पुन्हा त्याच्या चित्रपटात काम केलं नाही. दुसऱ्यात खरा ट्रामवाला घेतला. त्याची ड्युटी संपली तेव्हा तो अर्ध्या प्रसंगात ट्राम सोडून घरी जेवायला गेला. तिन्ही चित्रपट पडले होते. हा चौथा, आणि निर्मात्यानं सांगितलं होतं, की हा शेवटचा.

"सहा दिवस या गल्लीत मी एक शॉट घेतोय," तो म्हणाला. "मिळत नाही. उद्या परवाना संपतो. पुढच्या शुक्रवारी एक दिवस वाढवून मिळेल. त्या दिवशी तू येशील?"

मी चहाचा पेला खाली ठेवला. "मला काम देताय?"

"हो."

"कसलं?"

"हिंदी माणसाचं."

"आणि तो काय करतो?"

"सगळ्यांना आवडतो," बर्दीसी म्हणाला.

बाहेर पडल्यावर बिडकरकाका म्हणाले, "प्रल्हाद, खऱ्या सिनेमात तू काय करणार रे? तुझं तर नाव घ्यायलाही या लोकांना जमत नाही. ब्रल्हाद, ब्रल्हाद करतात."

"काका, जगात नावं बदलूनच नट मोठे झालेत."

"होगाडे हे आडनाव बदलून?"

"ते तर आधी."

त्या महिन्याअखेर आमचे करार संपत होते. पुढच्या दोन वर्षांसाठी सही करायची, की परत जायचं, हे प्रत्येकानं लिहून द्यायचं होतं. मी शनिवारीच काकांच्या हातात कागद ठेवला. नोकरी सोडतोय, प्रकृतीच्या कारणास्तव.

काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "प्रकृतीला काय झालंय?"

"कलावंताची आहे, काका."

"लेका, मागाचा धोटा बसवायला दोन महिने शिकलास, आणि एका गाण्यावर हे सोडायला निघालास?" पण त्यांनी कागद घेतला. "महिनाअखेर हा पुढे पाठवावा लागेल मला. तोवर तुला अक्कल आली तर सांग."

आणि आता मी त्या गाडीवर उभा होतो. कॅमेऱ्यापलीकडच्या माणसानं हात हलवला. मी सुरू झालो.

पहिल्या मिनिटातच माझ्याजवळचा सगळा सिनेमा संपला. झाडाला टेकणं, झाड नसल्यामुळे, झालंच नाही. काल्पनिक नायिकेचा पदर ओढणं दोन वेळा झालं. उरावर हात मारून आभाळाकडे बघणं झालं. इस्त्रीच्या दुकानाकडे पाहिलं तर रुमालाचा पत्ता नाही. तेव्हा मी जे खरोखर येतं त्यावर आलो: शाळेतली लेझीम. हातात लेझीम नव्हती, पण हात चालत होते, गुडघे चालत होते, बैठक, उडी, गिरकी, पुन्हा बैठक. आणि काय सांगू, गल्ली पेटली! लोक ताल धरून टाळ्या द्यायला लागले. बायांनी जिभा हलवून त्यांच्या लग्नात काढतात तसा चीत्कार सुरू केला. तीनशे माणसांत एक डोळा असा नव्हता, जो माझ्यावर खिळलेला नव्हता. इचलकरंजीच्या नाट्यगृहात मी एवढी नजर सात जणांत वाटून घेतली होती.

तिसऱ्या उडीला गाडीच्या चाकाखालची वीट निसटली.

गाडी हलली. आधी इतकी हळू, की मला वाटलं माझाच तोल जातोय. मग ती उतारावरून घरंगळायला लागली आणि गर्दीनं आनंदानं वाट करून दिली. हा सगळा सिनेमाचाच भाग आहे अशी त्यांची खात्री होती. माझीही होत आली होती.

"अरे उतर, गाढवा!" बिडकरकाका गर्दीतून धावत आले. एका हातात धण्यांची पिशवी, दुसऱ्या हातानं गाडीचा दांडा धरलेला. "उतर म्हणतो ना!"

"रुमाल हलला नाही, काका!" मी गिरकी घेत ओरडलो.

"तुझ्या रुमालाच्या..." पुढचं टाळ्यांत बुडालं.

गाडी खाली, गाडीवर मी, दांड्याला काका, आणि मागोमाग पळणारी, टाळ्या पिटणारी अख्खी गल्ली, अशी ती मिरवणूक वखारीपाशी पोचली आणि कांद्याच्या पोत्यांच्या राशीत घुसून थांबली. पोत्यांवरून उठत असताना दूर वर मला काहीतरी पांढरं हलताना दिसलं. मी थांबलो.

बर्दीसी धापा टाकत खाली आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग काकांचे घेतले. काकांनी टोपी सावरली.

"एका दमात! सहा दिवस मी मेलो होतो, तू एका दमात दिलंस! एक बारीकशी चूक झाली आहे, पण ती तुझी नाही. बुधवारी धुऊन आलेली रिळं बघायला या. दोघंही या."

ते चार दिवस मी कसे काढले ते विचारू नका. आरशासमोर उभा राहून मी मुलाखती दिल्या. एकीत तर मी काकांचे आभारही मानले होते.

बुधवारी संध्याकाळी आम्ही पिरॅमिडच्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओत गेलो. काकांनी टाय बांधला होता. लहानशी अंधारी खोली, दहा-बारा खुर्च्या. बर्दीसी होता. इस्त्रीवाला रमदान होता, ज्याला सगळी गल्ली 'उस्ता' म्हणजे उस्ताद म्हणे. हा इथे का, असं मला वाटून गेलं. आणि कोपऱ्यात सिगारेट ओढत बसलेली एक चाळिशीची बाई. बर्दीसीनं ओळख करून दिली: विदाद, नाटकातली नटी, या चित्रपटाची नायिका. मी नायिकेला आजच प्रथम पाहत होतो, याचं मला थोडं नवल वाटलं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घातली. म्हटलं, माझ्या कामाचा दबदबा.

दिवे गेले. पडद्यावर ती गल्ली आली. वरच्या टोकाकडून पाहिलेली, दोन्ही बाजूंना इस्त्रीला टांगलेल्या झग्यांच्या कडा. मधल्या एका घराचं दार उघडलं. आतून एक हात आला आणि बोचकं बाहेर पडलं. मागोमाग विदाद बाहेर पडली. दार लागलं. तिनं बोचकं उचललं. तिच्यामागे सगळी गल्ली उभी होती, पाठमोरी. तीनशे पाठी. एकाही माणसानं वळून पाहिलं नाही. ती चढ चढायला लागली, आपल्या दिशेनं, आणि त्याच वेळी त्या पाठी हलल्या. सगळीच्या सगळी गल्ली तिच्यापासून दूर, खाली खाली पळत गेली. रस्ता ओस पडला. आवाज नव्हता, नुसतं चित्र होतं. एका बाईला घरातून काढलं आहे आणि गावच्या गाव तिच्याकडे पाठ करून पळून जातं आहे.

माझ्या अंगावर काटा आला. पण मी वाट बघत होतो माझ्या भागाची.

"तू कुठे आहेस?" काका कुजबुजले.

"पुढे येईल."

"तो लांब नारिंगी ठिपका काय आहे रे? डोक्यांच्या वर?"

मी पाहिलं. डोक्यांच्या वर, गल्लीच्या पार खालच्या अंगाला, कुणाचा तरी शर्ट वाळत घातल्यासारखं काहीतरी होतं. ते लेझीम खेळत होतं.

विदाद अगदी जवळ आली. थांबली. मान वळवून तिनं एकदा मागे पाहिलं. पुन्हा समोर वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, तिनं ओठ घट्ट मिटून धरले तरी न आवरलेलं, एक हसू होतं. डोळे भरलेले आणि हसू. मग ती पडद्याबाहेर गेली. दिवे लागले.

मी मागच्या भिंतीतल्या, प्रोजेक्टरच्या झरोक्याकडे वळून पाहिलं.

"आणि माझं?" मी विचारलं. "माझ्या समोरच्या कॅमेऱ्यातलं रीळ?"

बर्दीसीनं विदादकडे पाहिलं. विदादनं उस्ता रमदानकडे. उस्ता रमदानला इंग्रजी येत नव्हतं, तरी तोही जमिनीकडे बघायला लागला.

"त्यात फिल्म नव्हती," बर्दीसी म्हणाला. "आतलं यंत्रही नाही त्यात. भंगारातून आणलेला आहे. खरा कॅमेरा उस्तांच्या दुकानात होता, झग्यांच्या मागे. या गल्लीतल्या लोकांना कॅमेरा दिसला, की ते त्याच्याकडे बघून हात हलवतात, टांटा शहरातल्या आपल्या काकांना सलाम पाठवतात. सहा दिवस हेच चाललं होतं. मला त्यांनी विदादकडेही बघायला नको होतं आणि कॅमेऱ्याकडेही. दुसरीकडे कुठेतरी बघायला हवं होतं. खरोखर, जीव लावून. तू त्यांना ते दिलंस." तो थांबला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

बिडकरकाका उठले. दीड वर्षांत मी त्यांना माझ्याशिवाय कुणावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते मराठीतच सुरू झाले.

"सांग याला! याच्यासाठी पोरगं नोकरी सोडतंय म्हणावं! कागद माझ्या खिशात आहे! माणसाला माकडासारखं गाडीवर चढवलं आणि वर डबा लावला समोर? हा कसला खरा सिनेमा?"

मी जमेल तेवढं सांगितलं. माकड वगळलं. बर्दीसीचा चेहरा उतरला.

"नोकरी?" तो म्हणाला. "मला हे ठाऊक नव्हतं. मी... ऐक, मला अजून मागायचं होतं. आता तोंड नाही मला. पण या टेकमध्ये चूक आहे. ते हसू. ती हसायला नको होती. हाकललेली बाई हसते? हा काय हिंदी सिनेमा आहे? लोक माझ्यावर थुंकतील. आणखी एका दिवसाचा परवाना मिळवून शुक्रवारी पुन्हा घ्यावं लागेल. तू पुन्हा नाचशील का?"

"मी तरी काय करू, अझीझ?" विदाद पहिल्यांदाच बोलली. "आठ महिने मी ही बाई होऊन राहिले. त्या दाराबाहेर पडले तेव्हा मला रडू खरंच आलं होतं. मग मागे वळून पाहिलं, तर तो टोपीवाला म्हातारा पिशवी घेऊन गाडीमागे पळतोय आणि हा वर थांबायला तयार नाही. आलं हसू."

"टोपीवाला म्हातारा म्हणजे कोण?" काकांनी मला विचारलं.

"तुम्ही."

काका खाली बसले. त्यांनी टायची गाठ सैल केली. मग म्हणाले, "प्रल्हाद, सांगतो ते नीट सांग याला. माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. अंगणात सगळी तयारी झालेली. भटजी मंत्र म्हणत मागे सरकले, तर गोठ्यातल्या म्हशीनं त्यांचं उपरणं तोंडात धरलं. भटजी ओढताहेत, म्हैस ओढतेय, मंत्र चालूच. सगळी आळी तिकडे बघायला लागली. मी आईकडे पाहिलं. ती हसत होती. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसत होती."

उस्तांनाही कळावं म्हणून मी अरबीत सांगायला लागलो. म्हशीला अरबीत गामूसा म्हणतात हे मला ठाऊक होतं, उपरण्याला काय म्हणतात ते नव्हतं. मी गळ्यातल्या रुमालावर भागवलं. बर्दीसी खुर्चीच्या कडेवर सरकून ऐकत होता.

"लोक काय म्हणाले तिला?" त्यानं विचारलं.

"लोकांनी पाहिलंच नाही," काका म्हणाले. "सगळे म्हशीकडे बघत होते. मी एकट्यानं पाहिलं. चाळीस वर्षं झाली. वडिलांचा चेहराही आता नीट आठवत नाही. ते हसू आठवतं." मग त्यांचा मूळचा स्वर परत आला. "आणि याला विचार, न्हाव्यानं कापलेल्या कानाचं रक्त खरं म्हणून ठेवतोस, मग हे का काढतोस? याच्या अख्ख्या सिनेमात न ठरवता झालेलं तेवढंच दिसतंय मला."

मी सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मला इतके दिवस न कळलेली माझी भूमिका आत्ता कळली. मी म्हैस होतो.

बर्दीसी उठून भिंतीपाशी गेला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग मागच्या झरोक्याकडे तोंड करून ओरडला, "पुन्हा लाव."

आम्ही ते रीळ त्या संध्याकाळी पाच वेळा पाहिलं. पाचव्या खेपेला उस्ता रमदाननं डोळे पुसले आणि अरबीत काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, गहिवरला. बर्दीसीनं सांगितलं, झग्यांच्या रांगेतला तिसरा झगा एका गिऱ्हाइकाचा आहे आणि तो सात दिवस परत केलेला नाही, हे त्याला आत्ता आठवलं.

बसमध्ये काकांनी खिशातून माझा कागद काढला. "याचं काय करू?"

"फाडा. सही करतो."

"का रे? नट व्हायचं होतं ना?"

"काका, तो ठिपका तुम्ही पाहिलात."

त्यांनी कागद फाडला. नेहमीप्रमाणे चिमटा काढतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी काढला नाही, हेच मला जास्त लागलं.

त्या हसण्यावर पुढे पुष्कळ लिहून आलं. कुणी त्यात स्त्रीचं बंड पाहिलं, कुणी नियतीला दिलेलं उत्तर. गल्ली दूर पळते त्या क्षणावर एका टीकाकारानं चार पानं खर्च केली. गाडीच्या चाकाखालची वीट त्याच्या नजरेतून सुटली. बर्दीसीच्या निर्मात्यानं त्याला पाचवा चित्रपट दिला, मग सहावा. असे तो गेला तोवर चौदा झाले. त्यांतल्या आणखी दोन चित्रपटांत मी आहे. दोन्ही वेळा समोर तोच रिकामा डबा होता, आणि दोन्ही वेळा मी तो रिकामा आहे हे जाणून नाचलो.

पण चित्रपटाचा पहिला खेळ बर्दीसीनं गल्लीवाल्यांना दाखवला, तो मी विसरलेलो नाही. जवळच्या थिएटरात, हिवाळ्यात, फुकट. सगळी गल्ली भाजलेल्या बियांचे पुडे घेऊन आली होती. शेवटचा प्रसंग सुरू झाला आणि एकच गलका उसळला.

"ते बघ माझं टक्कल!"

"ही पाठ माझ्या हसनची! सदरा उसवलाय, मी सांगत होते!"

"मी कुठे? मी पुढच्या रांगेत होतो!"

"मग बस आता बोंबलत!"

हशा, शिट्ट्या, बिया चावल्याचा कडकडाट. आणि मग दार उघडलं, बोचकं पडलं, विदाद बाहेर आली. आवाज एकेक करत बंद झाले. त्यांच्यापैकी कुणीच हे पाहिलेलं नव्हतं. आपल्याच पाठींमागून, हाताच्या अंतरावरून ही बाई चालत गेली, हे त्यांना आता कळत होतं. ते स्वतःला पळून जाताना बघत होते.

माझ्या शेजारी काळी शाल घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"ही कधी गेली?" तिनं मला विचारलं.

"तेव्हाच. तुमच्या मागून."

दिवे लागले तेव्हा तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू तोच ना? गाडीवरचा हिंदी?"

"हो."

"मी तुझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसता हिशेब लावल्यासारखा सूर होता. "पापणी हलवली नाही मी. नातवाचं पोट दुखत होतं, तो रडत होता, तेही मला नंतर कळलं."

"आजी, ती नटी आहे," मी हळूच म्हणालो. "तिला खरंच कुणी हाकललं नव्हतं."

"ते कळतं मला. पण माझं दार तिच्या समोरच आहे. तू नाचत नसतास तर मी तिला आत घेतलं असतं."

मी तिची माफी मागितली. तिनं थोडा विचार केला, पुड्यातल्या मूठभर बिया माझ्या हातावर ओतल्या, आणि उठता उठता म्हणाली, "नाचलास मात्र चांगला."